फरक

वडकीच्या जिनिंगवरचा वजनकाटा माझ्याकडे.
भरली गाडी चढते, आकडा लिहितो.
खाली होऊन परत येते, आकडा लिहितो.
वरच्यातून खालचा वजा केला
की उरतो तो माल.
बाकी सगळं लोखंड.

रात्री बारानंतर गाड्या विरळ होतात,
तेव्हा मी लॅपटॉपवर गोल्फ खेळतो.
हसू नका.
प्रेसवरचा फिटर देवानंद टेकाम आधी हसला होता,
आता गेममधली त्याची टोपी माझ्या टोपीहून भारी आहे.

पार हा शब्द आम्हाला खेळाच्या आधीपासून माहीत:
पिंपळाभोवतीचा ओटा, दुपारचे पत्ते.
इथं पार म्हणजे
शहाण्या माणसाला जेवढे टोले पुरावेत तेवढे.
मला सातव्या होलला अकरा लागतात.
देवानंद म्हणतो, तुहा चेंडू पार गेला गा,
पार वर्धा नदीच्या पार.

आता यंदाचा आलाय.
दरसाल येतो,
सीतादही उरकते न उरकते तोच.
चार हजार नऊशे नव्व्याण्णव.
एक रुपया सोडलाय,
ओळखीचं गिऱ्हाईक असल्यासारखा.

"घेऊन टाक ना. यंदा वारा खरा केला म्हंते.
गवताची पातीन् पाती मोजता येते."
"अन् आपन मोजनार हाओत का?"
"तसं नाई. पन येते."

मी माझ्या रीतीनं काट्यावर घेतलं.
भरती:
चार नवी मैदानं, हिरवळीवरून सरकणारी ढगाची सावली,
चेंडू तळ्यात पडला की वर्तुळं पाच,
पूर्वी तीनच उठायची.
खाली:
तोच टोला, तेच बोट, तोच मी,
आणि सातव्याला उजवीकडे
बाभळीसारखं दिसणारं तेच आडवं येणारं झाड.
वजा करायला पेन उचललं
तर बाहेर हॉर्न वाजला.

गाडी लतीफभाईची. कामठीचा ड्रायव्हर,
गठाणी घेऊन हैदराबादकडे निघालेला.
पावती घ्यायला केबिनमध्ये आला
आणि चहावर साय धरेस्तोवर
पडद्याकडे बघत उभा राहिला.
पोरवयात छावणीच्या मैदानावर
साहेबांच्या पिशव्या वाहिल्या म्हणे त्यानं,
फेरीला दोन रुपये.
हिरवळ बरोबर आहे, म्हणाला. झेंडाही बरोबर.
मग बराच वेळानं,
"ह्याच्या मागं कोणी चालत नाही."
"कोण?"
"पिशवीवाला पोरगा."

आम्ही नीट पाहिलं.
खरंच की.
लागेल ती काठी हवेतून हातात येते
आणि हवेतच परत जाते.
"चौदा किलो भरायची," लतीफभाई म्हणाला,
आणि त्याचा उजवा खांदा
पट्टा अजून असल्यासारखा
जरासा खाली गेला.

गाडी गेल्यावर देवानंद म्हणाला,
नव्यात असन कदाचित तो पोरगा.
रेंज फक्त गेटजवळ लागते.
तिथं उभं राहून, डास मारत,
यंदा काय-काय नवीन त्याची सगळी यादी वाचली.
बुटांचे रंग होते, टाळ्यांचे वेगळे आवाज होते,
वाळूसुद्धा सुधारली होती.
पोरगा नव्हता.

तरी हात शिवशिवतात, खोटं कशाला बोलू.
पाच वर्तुळं म्हणजे
नेमकी कशी दिसत असतील?

ह्या आवारात जो तो
भाव चढायची वाट बघत बसलाय.
पडायची वाट बघणारा मी एकटा.
गेल्या साली होळीला निम्म्यावर आला होता.
तोवर जुनाच.

काल सातवा होल आठ टोल्यांत झाला.
देवानंद म्हणाला, असं नाई चालत, पावती दे.
दिली फाडून, शिक्क्यासकट:
भरती अकरा,
खाली आठ,
फरक तीन.